प्रेसिपिसची वाट

अमेरिकेच्या मेन राज्यातील अकेडिया राष्ट्रीय उद्यान अटलांटिक महासागराच्या काठावर आहे. १९१९ मध्ये लाफायेत या नावाने ते राष्ट्रीय उद्यान झाले. १९२९ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. तेथील शॅम्प्लेन डोंगर जेमतेम १,०५८ फुटांचा; पण त्याच्या पूर्वेच्या कड्यावरून चढणारी प्रेसिपिस ही वाट छातीत धडकी भरवते.

सुरुवातीला कड्यावरून कोसळलेल्या प्रचंड शिळांवरून हातापायांनी चढावे लागते. पुढे गुलाबी ग्रॅनाइटच्या उभ्या भिंतीत लोखंडी कांबी ठोकल्या आहेत. कांबीचा गारवा तळहाताला लागतो, पाऊल अरुंद कपारीवर टेकते आणि खाली फ्रेंचमन उपसागर पसरलेला दिसतो. ओल्या खडकावर पाय घसरतो, म्हणून पावसात ही वाट टाळावी. उतरायलाही दुसरी सोपी वाट धरावी.

याच कड्यावर बहिरी ससाणे घरटी करतात. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचे पातळ होऊन पूर्व अमेरिकेतून ते नाहीसे झाले होते. १९८४ पासून अकेडियात पिल्ले सोडली गेली आणि १९९१ पासून तेथे पुन्हा वीण होऊ लागली. म्हणून वसंतापासून साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत वाट बंद असते. कडा आधी त्या पाखरांचा आहे. माणसाने तेवढे दिवस थांबणेच योग्य.