गोवंडी ते सारंगकोट, व्हाया घार

"कुठे राहतेस?" ऑफिसात कुणी नवीन विचारलं की माझं उत्तर ठरलेलं असायचं. "चेंबूर." मग हळूच, "चेंबूरच्या जरा पुढे." हे 'जरा पुढे' म्हणजे गोवंडी, हार्बर लाइनवरचं चेंबूरनंतरचं स्टेशन. नाव घेतलं की समोरचा नाक मुरडणार आणि पुढचा प्रश्न हमखास देवनारच्या डम्पिंगचा. १९२७पासून मुंबईचा कचरा आमच्या शेजारी येऊन पडतोय, त्यामुळे त्या बिचाऱ्याचंही चुकत नाही म्हणा!

आमच्या गच्चीवरून कचऱ्याचा तो डोंगर दिसतो. आणि डोंगरावर घारी. लहानपणी आई गच्चीत बोंबील वाळत घालायची आणि मला काठी देऊन राखणीला बसवायची. ऊन तापलं की घारी पंख न हलवता गोल गोल फिरत वर वर जायच्या, पार ठिपका होईपर्यंत. तासन्‌तास बघितलंय मी हे. पण त्या असं का करतात, हा प्रश्न कधी पडलाच नाही. त्याचं उत्तर मिळालं थेट नेपाळात, हवेत लटकलेली असताना.

झालं असं की, दहा दिवसांची रजा मंजूर झाली, पण बजेट विमानाचं नव्हतं. मी आणि कॉलेजची मैत्रीण, पाठीवर सॅक टाकून निघालो. गोवंडीकरांना एक सुख आहे, कुर्ला टर्मिनस दोन स्टेशनांवर. गोरखपूरच्या गाडीत बसलो तर निम्मा डबा आमच्याच भागातला. सगळे गावी निघालेले. त्यांच्या पुऱ्या आणि लोणच्यावर आमचे दोन दिवस मजेत गेले. गोरखपूरहून बसने सुनौली, तिथून चालत सीमेपलीकडे, मग बुटवल, पाल्पाच्या घाटातून दिवसभर बस. हाडं खिळखिळी झाली, पण पोखरा आलं. समोर फेवा तलाव, मागे अन्नपूर्णाची रांग आणि ६,९९३ मीटर उंचीचं माच्छापुच्छ्रे. या शिखरावर चढायला परवानगी नाही. नुसतं बघायचं.

तलावाकाठी पावलापावलावर पॅराग्लायडिंगची दुकानं. मैत्रिणीने मला न विचारता दोघींचे पैसे भरून टाकले. मी गच्चीतसुद्धा कठड्यापासून दोन हात लांब उभी राहणारी! रात्रभर झोप नाही. आईला फोनवर सांगितलं, "उद्या जरा डोंगर बघायला जातोय." खोटं नव्हतं ते.

सकाळी जीपने सारंगकोट. उंची साधारण १,६०० मीटर, खाली तलाव त्याच्या निम्म्यावर. पायलटने वजन विचारलं, हेल्मेट चढवलं, पट्टे आवळले आणि माझ्यामागे स्वतःला अडकवून घेतलं. सूचना एकच. "दिदी, दौडते रहना. बैठना मत."

मी बसले. चार पावलं धावले आणि उतार बघून पायच गळाले. मागे पसरलेलं कापड फुगलं, डगमगलं आणि आमच्याशेजारी येऊन पडलं. रांगेतले परदेशी पाहुणे टाळ्या वाजवत होते, हे जास्त लागलं. पायलट शांतपणे दोऱ्या सोडवत म्हणाला, "फिर से. कोई जल्दी नहीं."

दुसऱ्यांदा डोळे मिटून धावले. धावतेय, धावतेय आणि खाली जमीनच नाही! पाय हवेतच सायकल मारत होते.

भीती किती वेळ होती? खरं सांगायचं तर जेमतेम मिनिटभर. वर आवाज म्हणजे फक्त वारा आणि पायलटच्या यंत्राची पिपाणी. आपण वर जात असलो की ते टिटटिट वाजतं. इतक्यात त्याने बोट दाखवलं, "वो देखो, चील." घार! पंख न हलवता गोल गोल फिरत वर चाललेली. आणि आम्ही वळलो, थेट तिच्या मागे.

मग त्याने समजावलं. जमीन सगळीकडे सारखी तापत नाही. खडक, उघडी शेतं, पत्र्याची छपरं लवकर तापतात. तिथली गरम हवा हलकी होऊन खांबासारखी वर चढते. हा थर्मल. इंजिन नसलेल्या माणसाला वर न्यायला हाच उपयोगी. पण हवा दिसत नाही, म्हणून पायलट पक्षी बघतात. घार गोल फिरत असेल तर समजायचं, लिफ्ट तिथे आहे.

मला एकदम आमची गच्ची आठवली. डम्पिंगचा उघडा डोंगर, भोवती पत्र्याची छपरं, दुपारचं ऊन. ज्या जागेचं नाव सांगायला मी लाजत होते, तिथे ही शाळा रोज दुपारी भरत होती!

"मुंबई में कहाँ से?" मागून प्रश्न आला.

"गोवंडी." पहिल्यांदाच, 'चेंबूर' न लावता.

"वहाँ क्या है?"

"चील. बहुत सारी."

गिरक्या घेऊन पोटात ढवळायला लागलं, हेही सांगायला हवं. पंचवीसेक मिनिटांनी तलावाकाठच्या हिरवळीवर उतरलो. मी पाय वर घ्यायला विसरले आणि सपशेल बसकण मारली. मग आईला खरं काय ते सांगितलं. फोनवर बराच वेळ शांतता. मग म्हणाली, "बोंबील राखायच्या सोडून आभाळात बघत बसायचीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं."

जायचंय?

कधी : ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मार्च-एप्रिल. पावसाळ्यात नको.

कागदपत्रं : भारतीयांना व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र जवळ ठेवा.

पैसे : आपले १०० रुपये म्हणजे नेपाळी १६०.

लक्षात ठेवा : पायलटचा परवाना आणि विमा आधी विचारा. वजन खरं सांगा. बूट घाला. नाश्ता हलकाच करा.

एवढं लांब नको? लोणावळ्याहून पुणे लोकल पकडा, कामशेतला उतरा. पावसाळा सोडून तिथेही उडता येतं.