फोर बाय फोर आणि दोन ट्रॉल्या

गेले तीन वीकांत माझ्या लॅपटॉपवर एकच एक्सेल शीट उघडी आहे. इन्क्रिमेंटची नाही, होम लोनचीही नाही. ट्रॅक्टरची!

त्याचं असं झालं, वाळवा तालुक्यातल्या माझ्या धाकट्या चुलतभावाला ऊस वाहतुकीसाठी ट्रॅक्टर घ्यायचाय. मागे दोन ट्रॉल्या लावायच्या, कारखान्याशी करार करायचा आणि सीझनला चार पैसे मिळवायचे असा बेत. घरात 'इंजिनीअर' असा शिक्का बसलेला मी एकटाच (तोही कॉम्प्युटरचा, पण गावाकडे हा फरक कुणी मानत नाही). त्यामुळे फोन आला, "दादा, टू व्हील घेऊ का फोर बाय फोर? दीड लाखाचा फरक सांगायलाय डीलर."

दीड लाख म्हणजे हिंजवडीत बसून बघितलं तर एक बरा लॅपटॉप आणि एक गोव्याची ट्रिप. पण त्याच्यासाठी ते जमिनीवर काढलेल्या कर्जातले दीड लाख आहेत. शिवाय ट्रॅक्टरचा हप्ता हा या धंद्यातला एकटा खर्च नाही. ऊसतोड टोळीच्या मुकादमाला सीझनआधीच उचल द्यावी लागते. टोळी आली नाही तर ती उचल बुडते आणि हप्ता मात्र चालूच राहतो. आमच्या पट्ट्यात अशा बुडालेल्या उचलीपायी ट्रॅक्टर विकलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही. म्हणजे प्रश्न गमतीचा नव्हता. म्हटलं, नीट बसून बघू.

आंतरजालावर 'जड काहीतरी ओढायला कुठली फोर बाय फोर' असं शोधलं की पहिल्यांदा भेटतात ते कॅराव्हॅनवाले. ब्रिटन, ऑस्ट्रेलियातली ही मंडळी गाडीमागे अख्खं चाकावरचं घर जोडून फिरायला निघतात. त्यांचे नियम वाचून मी चाटच पडलो. ब्रिटनमध्ये नवशिक्याला सल्ला देतात की कॅराव्हॅनचं वजन ओढणाऱ्या गाडीच्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत ठेवा. ७५० किलोच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक असलेच पाहिजेत. हे ब्रेकही मोठे हुशार असतात. गाडी थांबायला लागली की मागचा ट्रेलर तिला ढकलतो आणि त्या ढकलण्यानंच हुकामधली दांडी दाबली जाऊन ट्रेलरचे ब्रेक लागतात. ना वायर, ना सॉफ्टवेअर!

आता आपला हिशोब बघा. ५० ते ५५ एचपीचा ट्रॅक्टर स्वतः साधारण पावणेतीन टनांचा. एका ट्रॉलीत दहा टन ऊस धरला तर दोन ट्रॉल्यांत वीस टन. रिकाम्या ट्रॉल्यांचं वजन अडीच-अडीच टन. म्हणजे मागे पंचवीस टन! ट्रॅक्टरच्या वजनाच्या ८५ टक्के सोडा, जवळजवळ ९०० टक्के. आणि बहुतेक ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नाहीत. कॅराव्हॅनवाल्या साहेबाला हे दाखवलं तर तो चहा सांडेल.

तसं बघितलं तर 'कॅराव्हॅन' हा शब्द मूळचा फारसी, कारवान, म्हणजे तांडा. आणि खरा तांडा आपल्याकडेच आहे. दिवाळीच्या सुमारास हेच ट्रॅक्टर बीडकडे जातात आणि टोळी घेऊन येतात. तीनशेहून जास्त किलोमीटरचा प्रवास. आठ-दहा कोयते म्हणजे सोळा-वीस माणसं, वर पोरंबाळं, भांडीकुंडी, धान्याची पोती, शेळ्या, कोंबड्या, सगळं त्या दोन ट्रॉल्यांत. त्या खेपेत वजन कमी असतं, पण मोल सगळ्यात जास्त. शीटमध्ये मी त्या खेपेसाठी वेगळा रकाना केला आणि मग लक्षात आलं की त्यात रुपयात लिहिण्यासारखं काही नाही.

असो. मूळ प्रश्नाकडे येऊ. फोर बाय फोरचा उपयोग नक्की कुठे?

पहिला उपयोग फडात. कृष्णाकाठची काळी जमीन, त्यात पाणी सुटून चार दिवस झालेले. अशा भुसभुशीत ओल्या रानात गाडी नुसती ढकलत न्यायलाच तिच्या वजनाच्या दहा टक्के जोर लागतो असं धरून चाला. एक भरलेली ट्रॉली साडेबारा टनांची, म्हणजे सव्वा टन ओढ हवी. टू व्हील ड्राइव्हमध्ये फक्त मागची चाकं ओढतात आणि त्यांच्यावर ट्रॅक्टरचं साधारण साठ टक्के वजन असतं, म्हणजे १.७ टन. ओल्या मातीत पकड त्याच्या निम्मी धरली तर ओढ मिळाली ०.८५ टन. चाकं जागेवर फिरणार, खड्डा करणार आणि मग शेजारच्याचा ट्रॅक्टर बोलवा. फोर बाय फोरमध्ये सगळं २.८ टन वजन कामाला लागतं, त्याचं निम्मं १.४ टन. म्हणजे जेमतेम का होईना, निघाली ट्रॉली! दोन्ही ट्रॉल्या एकदम मात्र फोर बाय फोरलाही निघत नाहीत. म्हणून तर सगळेजण एकेक ट्रॉली काढून रस्त्यावर आणतात आणि तिथे जोडतात.

यात एचपी कुठेच आला नाही, बघितलंत? चिखलात इंजिन कमी पडत नाही, पकड कमी पडते. एचपी ठरवतो तो वेग. पाच टक्क्यांचा चढ (शंभर मीटरला पाच मीटर) भरल्या ट्रॉल्यांनिशी चढायचा तर ५० एचपीचा ट्रॅक्टर ताशी सहाएक किलोमीटरनं चढेल, माणूस भरभर चालतो तेवढ्या वेगानं. ६० एचपीचा सातनं. एवढाच काय तो फरक. पण शोरूममध्ये सगळा जोर एचपीवर. भाऊही सुरुवातीला त्याच नादात होता. टू व्हीलमधला ६० एचपी आणि फोर बाय फोरमधला ५० एचपी साधारण एकाच किमतीत बसत होते, आणि त्याचं मन ६० वर.

चढावर टू व्हीलची आणखी एक खोड आहे. मागून ओढ बसली की पुढचं वजन मागे सरकतं. त्यामुळे मागच्या चाकांना पकड मिळते आणि ट्रॅक्टर चढतोही, पण पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नावापुरतं उरतं. मग कुणी पुढे वजनं लावतं, कुणी बंपरवर दोन गडी उभे करतं. हुक जितका उंच तितका हा प्रकार वाढतो, म्हणून हुक खालीच ठेवायचा.

इथपर्यंतचा हिशोब भावाला आवडला. रान ओलं, फोर बाय फोर बरा, खेप वाया जात नाही, दीड लाख एक-दोन सीझनमध्ये वसूल. मीही शीट बंद करणार होतो. तेवढ्यात तात्यांनी (त्याचे वडील, माझे चुलते) फोन हातात घेतला. "वडायचं झालं रं. वडायला काय, बैल बी वडतोय. थांबवायचं कसं ते बघितलंस का?"

तात्यांनी तरुणपणी बैलगाडीनं ऊस घातलाय. उतारावर गाडीचं जू बैलांच्या मानेवरून पुढे सरकतं म्हणजे काय, ते त्यांनी बघितलंय. मी शीटमध्ये नवीन टॅब उघडला.

ट्रॅक्टरचे ब्रेक बहुतेक मॉडेल्सना फक्त मागच्या चाकांवर असतात. म्हणजे सगळी मिळून २८ टनांची गाडी थांबवायला फक्त मागच्या दोन चाकांची पकड. कोरड्या डांबरीवर ती साधारण १.२ टन धरा. ताशी २५ किलोमीटर वेगात, सपाटीला ही गाडी ब्रेक दाबल्यापासून थांबायला चाळीसेक मीटर घेते. याच वेगाला कार पाच मीटरच्या आत थांबते. आता तोच पाच टक्क्यांचा उतार घ्या. उतार स्वतःच १.४ टनांनी पुढे ढकलतो. रस्त्याचं घर्षण थोडी मदत करतं, पण ब्रेकच्या हातात उरतं फार थोडं. थांबायला किती अंतर? तीनशे मीटर! मी आकडा दोनदा तपासला. शिवाय हे कागदावरचं. प्रत्यक्षात मागच्या ट्रॉल्या ढकलतात, ट्रॅक्टर आडवा होतो आणि अंतर मोजायची वेळच येत नाही.

फोर बाय फोर इथे खरा कामाला येतो. पुढचा ड्राइव्ह टाकलेला असला की पुढची चाकं शाफ्टनं मागच्यांना जोडलेली असतात. म्हणजे मागे दाबलेला ब्रेक पुढच्या चाकांनाही धरतो. तोच उतार, तोच वेग, पण अंतर तीनशेचं सत्तर मीटरवर येतं. जड ट्रेलर घेऊन उतरताना फोर व्हील टाकूनच उतरा, हे बऱ्याच कंपन्यांच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. मॅन्युअल मात्र सीटखाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत, पूजेच्या नारळाशेजारी.

पण सपाट डांबरीवर तो ड्राइव्ह काढायचा बरं का! पुढची छोटी चाकं मुद्दामच किंचित जास्त वेगानं फिरतील अशी रचना असते. मातीत ते चालून जातं, डांबरीवर टायर घासतात आणि गिअरवर ताण येतो. म्हणजे फडात टाका, सपाटीला काढा, उतार आला की परत टाका. शिवाय फोर बाय फोरला वळायला जागा जास्त लागते, अरुंद पाणंदीत ते जाणवतं. पुढच्या अॅक्सलचं ऑइल आणि सील हा वाढीव खर्चही आहेच.

तीन आठवड्यांच्या खटाटोपातून मला दिसलेली गोष्ट एवढीच. या धंद्यात ओढण्याचे पैसे मिळतात, थांबण्याचे मिळत नाहीत. वाहतुकीचा दर टनावर आणि अंतरावर ठरतो, त्यामुळे प्रत्येक खेपेला आणखी दोन मोळ्या चढतात. ट्रॅक्टरच्या जाहिरातीत चढावर ओढणारा ट्रॅक्टर असतो, उतारावर थांबणारा मी तरी पाहिला नाही. म्हणून घेणाऱ्यानंच उलटं विचारायचं, आपल्या वाटेवरच्या सगळ्यात वाईट उताराला हा भरल्या ट्रॉल्यांनिशी थांबेल का? थांबत असेल तर ओढण्याचं बघू. वाळव्यात सपाटी जास्त, पण भावाला करार मिळतोय त्यात शिराळ्याकडचे फडही आहेत, आणि तिकडे चढउतारांना तोटा नाही.

तर शेवटी ठरलं ते असं. ६० एचपीचा टू व्हील बाद, ५० एचपीचा फोर बाय फोर पक्का. (मित्रांनी त्याला "एवढ्यात साठचा आला असता की" म्हणून ऐकवलंच.) म्युझिक सिस्टिम आणि रंगीत दिव्यांसाठी बाजूला ठेवलेले पैसे ट्रॉल्यांच्या ब्रेककडे वळवले. कराडमधल्या एका ट्रॉली बनवणाऱ्यानं ब्रेकवाली ट्रॉली करून देतो म्हटलंय. सध्या एकीलाच परवडतात, ती मागे लावायची. मागच्या ट्रॉलीनं धरून ठेवलं तर गाडी सरळ राहते, पुढचीनंच धरलं तर मागची ढकलत येते. डावं-उजवं ब्रेक पेडल रस्त्यावर कायम जोडून ठेवायचं, नाहीतर एकच चाक धरतं आणि गाडी फिरते. डिझेल वाचवायला उतारावर न्यूट्रल मारायचं नाही, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं. शिराळ्याकडच्या मोठ्या उतारांना एकेक ट्रॉली खाली आणायची. वेळ जाईल, एखादी खेप कमी होईल. तो रकाना मी शीटमध्ये धरलाय आणि हप्ता तरीही निघतोय, थोडा ओढूनताणून. आणि टोळी आणायला जाताना दिवसाउजेडीच प्रवास. ही अट तात्यांची, तिच्यावर चर्चा नाही.

उचल बुडाली तर काय, याला मात्र माझ्या शीटमध्ये फॉर्म्युला नाही. तिथे तात्यांची माणसांची पारख आणि नशीब.

आणि तुम्हाआम्हाला काय त्याचं? दर वीकांताला पुणे-बंगळुरू हायवेनं (आपला जुना एनएच ४, आता ४८) साताऱ्याकडे, कऱ्हाडकडे जाणारे आपण बरेचजण आहोत. सीझनला पेठ नाक्याच्या आसपास दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढे दिसला की हॉर्न वाजवतो, वैतागतो, ओव्हरटेक करतो आणि पुढे घुसल्या घुसल्या टोलसाठी नाहीतर उसाच्या रसासाठी ब्रेक दाबतो. यापुढे एक लक्षात ठेवा, तुमच्या मागे २८ टन आहेत आणि त्यांना थांबायला जागा लागते. ओव्हरटेक खुशाल करा. पण त्याच्या पुढे शंभर मीटर निघून जा आणि मग ब्रेकला पाय लावा.