फणांतलं अंतर

खामगाव, रात्री. आज बीबीएफ (रुंद वरंबा-सरी) पेरणी यंत्राच्या कॅड असेंब्लीत फणांतलं अंतर ४५ सेंमीवरून ३० वर आणलं. सोयाबीनचं यंत्र हरभऱ्यालाही चालावं, एवढीच मागणी. पण फण सरकले की क्लॅम्प, बियाण्याच्या नळ्या, पेटीचे आधार, सगळंच हलतं. मूळ स्केचला बांधलेले भाग निमूट सरकले. कुणीतरी घाईत शेजारच्या बोल्टच्या कडेला जोडलेला ब्रॅकेट मात्र एरर दाखवत लाल होऊन बसला. असला शेजारधर्म मला मुळीच पटत नाही. त्यात फाइलींची नावं: ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘नवीन फायनल’! वेल्डर बिचारा हातातल्या कागदावर विश्वास ठेवतो. उद्या आधी शॉपमधले जुने प्रिंट गोळा करायचे, मगच भोकांची नवी मापं द्यायची.