देखाव्याचे बिल

स्पेनला जायचे ठरले तेव्हा अम्मींनी एकच गोष्ट मागितली. "ग्रॅनाडात अलहम्रा समोर दिसेल अशा ठिकाणी एक रात्र सगळे मिळून जेवू. पैसे मी देणार." अब्बा हयात असताना दोघांनी या प्रवासाचे बेत अनेकदा केले होते, पण ते राहून गेले. अम्मींनी पेन्शनमधून बाजूला ठेवलेल्या त्या पैशांना आम्हाला नाही म्हणवले नाही.

ऑक्टोबरची संध्याकाळ होती. आल्बायसिन या जुन्या मुस्लिम वस्तीची चढण अम्मी थांबत थांबत चढल्या. वर सान निकोलासच्या चौकाला लागूनच २००३ साली उघडलेली मशीद आहे. १४९२ च्या जानेवारीत ग्रॅनाडाचे राज्य गेले, त्यानंतर पाच शतकांनी इथे पुन्हा मशीद उभी राहिली. मगरिबची नमाज अदा करून आम्ही बागेत आलो, तर समोरच्या टेकडीवर अलहम्राचे दिवे लागले होते. अम्मी बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तिथून जवळच्याच एका रेस्टॉरंटच्या गच्चीवर आम्ही बसलो. इथे रात्रीचे जेवण साडेआठच्या आधी क्वचितच मिळते. मेनूकार्ड वाचताना लेकीला गंमत वाटली. तांदूळ म्हणजे 'आरोस', केशर म्हणजे 'आसाफ्रान', तेल म्हणजे 'आसेइते'. अरबीतले रुज़, जाफरान आणि जैत आजही तिथल्या स्वयंपाकघरात नांदत आहेत. डुकराचे मांस नको, वाइन नको, हे आम्ही वेटरला दोनदा सांगितले. त्याने हसून मान हलवली.

आधी सालमोरेखो आले. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचे हे घट्ट, गार सूप मूळचे कॉर्दोबाचे. त्यावर हॅमचे तुकडे पसरलेले होते! आम्ही परत पाठवले. दोन मिनिटांत वाटी पुन्हा आली. वाटी तीच होती, वरचे तुकडे तेवढे काढलेले. एक लाल कण कडेला चिकटून राहिला होता. अम्मींनी चमचा खाली ठेवला.

मग पाएया आला, माणशी २४ युरोंचा. आम्ही दापोलीकडचे, कोळंबीभातात आम्हाला फसवणे कठीण. भात गिचका, वरून कोमट, खाली गार. तळाला जी खरपूड धरायला हवी तिचा पत्ता नव्हता. कोळंबी रबरासारखी. केशराच्या जागी नुसता पिवळा रंग. तळलेली वांगी तेवढी बरी होती. अम्मींनी दोन फोडी खाल्ल्या आणि "पोट भरलं" म्हणाल्या.

बिल १५४ युरोंचे, म्हणजे सुमारे पंधरा हजार रुपये. न मागितलेल्या पावाचे पैसे त्यात होते, गच्चीवर बसण्याचे दहा टक्के होते आणि ते सालमोरेखोही होते. गच्चीचा आकार मेनूच्या शेवटच्या पानावर बारीक अक्षरांत छापलेला होता, तिथे बोलायला जागा नव्हती. सालमोरेखोचे १२ युरो मात्र आम्ही कमी करायला लावले. अम्मी खाली बघत नोटा मोजत होत्या. तो क्षण जेवणापेक्षा जड गेला.

उतरताना काल्देरेरिआ नुएवा ही गल्ली लागते. तिथे मोरोक्कन लोकांची चहाची आणि खाण्याची दुकाने आहेत. एका हलाल पाटीच्या दुकानात चार वाट्या गरम हरीरा घेतला. अम्मींनी वाटी पुसून खाल्ली आणि म्हणाल्या, "भात घरी गेल्यावर मीच करते."

तिकडे जाणाऱ्या वाचकांसाठी थोडेसे. अलहम्राचा देखावा चौकातून फुकट दिसतो. तो डोळे भरून पाहा आणि जेवायला दुसरीकडे जा. मोठे जेवण दुपारी घ्या. 'मेनू देल दिआ' म्हणजे ठरावीक दराचे ताट तेव्हा स्वस्त पडते. पाएया हेही मुळात दुपारचेच जेवण आहे. नुसते 'मांस नको' म्हणू नका, कारण हॅमला तिथे अनेकदा मांसात धरतच नाहीत. 'सिन खामोन', म्हणजे हॅमविना, असे वेगळे सांगा. रश्शात वाइन आहे का, हेही विचारा. आणि वाटी बदलून मागायची असेल तर नवीच मागा. संकोच करू नका. आम्ही केला, आणि अम्मी उपाशी उठल्या.