चाकांवरचे घर आणि दाभोळची वाट

आमच्या अम्मीला प्रवासात तहानच लागत नाही, असे आम्ही कित्येक वर्षे समजत होतो. पनवेलहून दाभोळला निघताना पाण्याची बाटली तिच्या मांडीवर असायची आणि गावात उतरताना तशीच भरलेली परत मिळायची. विचारले तर म्हणायची, "नको, तोंड कोरडं नाही माझं."

चार वर्षांपूर्वी एका लग्नाहून परतताना तिला चक्कर आली. दुसऱ्या दिवशी ताप चढला आणि लघवीच्या संसर्गामुळे पाच दिवस दवाखान्यात काढावे लागले. खरे कारण तिने डॉक्टरांना सांगितले नाही, आम्हालाही नाही. रात्री सोबतीला राहिलेल्या आमच्या मुलीला सांगितले. रस्त्यात बाथरूमला जायचे कुठे? धाब्यावरची जागा घाण, दाराला कडी नाही, गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही आणि बाहेर पुरुष उभे. म्हणून निघायच्या आदल्या रात्रीपासूनच ती पाणी बंद करायची.

त्यानंतर तिने प्रवासच बंद केला. दाभोळ तिचे माहेर. मामूंचा इंतकाल झाला तेव्हाही ती गेली नाही. "तुम्ही जा, माझी दुआ पोचेल," एवढेच म्हणाली. गेल्या रमजानमध्ये मात्र इफ्तारनंतर ती सहज बोलून गेली, "घर तर आता बंदच असेल. विहीर बघितली असती एकदा." अम्मीचे वय शहात्तर. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत राहिलो.

आमचा एक मावसभाऊ बरीच वर्षे कुवेतला होता. तिकडे हिवाळ्यात कुटुंबेच्या कुटुंबे गाडीमागे चाकांचे घर जोडून राहायला निघतात, हे त्याने पाहिलेले. परत आल्यावर त्याने हौसेने एक छोटा ट्रेलर बांधून घेतला. लांबी चौदा फूट, आत दोन बाके (रात्री त्यांचाच पलंग होतो), एक शेगडी, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात दार लागणारी संडासाची खोली. तो म्हणाला, "दिवाळीच्या सुट्टीत घेऊन जा. अम्मीला दाखव समुद्र." आम्हाला वाटले, प्रश्न सुटला. तो सुटायला पुढचे तीन महिने लागले.

आम्ही दोघेही शिक्षक. काही करायचे म्हणजे आधी वही काढायची, ही सवय. पहिल्या पानावर ट्रेलरची कागदपत्रे लिहिली. ट्रेलरची नोंदणी गाडीपेक्षा वेगळी असते, त्याला स्वतःचा नंबर असतो आणि विमाही वेगळा पाहावा लागतो. दुसऱ्या पानावर वजन. गाडीच्या पुस्तकात ती किती वजन ओढू शकते हे दिलेले असते, ते आधी वाचायचे. मग ट्रेलर काट्यावर नेला. रिकामा ६०० किलो भरला. वाटले, पुष्कळ वाव आहे. पण एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. शंभर लिटरची टाकी भरली की शंभर किलो झाले. त्यावर गॅस, भांडी, अंथरुणे, मुलांची पुस्तके. म्हणून टाकी निम्मीच भरायची आणि मुक्कामावर पुरी करायची, असे ठरले.

तिसरी गोष्ट आम्हाला भावाने शिकवली. ट्रेलरच्या एकूण वजनाचा दहावा हिस्सा, थोडा जास्त चालेल, पुढच्या आकड्यावर पडला पाहिजे. सगळे जड सामान मागे कोंबले तर आकडा हलका होतो आणि वेग घेतला की ट्रेलर शेपटीसारखा डोलू लागतो. जड वस्तू खाली आणि चाकांच्या आसपास, हलक्या वर. उतारावर नुसता ब्रेक दाबून चालत नाही, आधीच खालचा गिअर टाकायचा. आणि चालत्या ट्रेलरमध्ये कोणीही बसायचे नाही, अम्मीनेसुद्धा नाही. तिने गाडीत बसायचे, गरज पडली की आम्ही थांबायचे.

मागे घेणे हा तर वेगळाच पेपर होता. ट्रेलरची शेपूट डावीकडे न्यायची तर सुकाणू उजवीकडे फिरवावे लागते. सलग तीन रविवार आम्ही शाळेच्या मैदानावर, परवानगी काढून, विटांच्या दोन रांगांमधून ट्रेलर मागे घेत होतो. पहिल्या रविवारी एकही वीट जागेवर राहिली नाही. आमचेच काही विद्यार्थी कुंपणावर बसून मोठ्या आनंदाने गुण देत होते.

आता रस्ता. कोकणातला रेवस ते रेड्डी हा सागरी मार्ग आपल्या वाचकांना नवा नाही. १९८०-८२ मध्ये बॅरिस्टर ए. आर. अंतुले मुख्यमंत्री होते, त्या काळापासून या मार्गाची चर्चा आहे. पण मोठ्या खाड्यांवरचे पूल आम्ही गेलो तेव्हा पुरे झालेले नव्हते. तिथे गाडीसकट फेरीबोटीत चढायचे: आगरदांडा ते दिघी, बागमांडला ते वेश्वी, दाभोळ ते धोपावे, तवसाळ ते जयगड. या बोटीच या वाटेची खरी गंमत. पण मागे ट्रेलर असला की तीच गंमत काळजी होते. ओहोटीला पाणी खाली जाते, धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि लांब गाडीचा मागचा भाग जमिनीला घासू शकतो.

भरतीच्या वेळा शोधायला आम्ही मोबाइल काढला, तेव्हा अम्मी तांदूळ निवडत होती. म्हणाली, "चांदाची तारीख काय? त्यात एक मिळवा आणि पाऊणपट करा." किनाऱ्यावर हा हिशेब सगळ्यांना तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. आपली चांदाची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे चालते, म्हणून एक मिळवायचा. आठ तारीख असेल तर नऊ, नवाची पाऊणपट पावणेसात. म्हणजे पावणेसातला भरती आणि सव्वासहा तासांनी, एकच्या सुमारास, ओहोटी. पंधरा तारखेच्या पुढे गेलो तर आधी पंधरा वजा करायचे. मोबाइलवर पाहिले, थोड्याच मिनिटांचा फरक होता. अम्मी पुढे म्हणाली, "चौदाव्या चांदाला जाऊ नका, उधाण असतं. सात-आठला भांग असतो, पाणी फार चढत नाही, फार उतरत नाही." आम्ही सुट्टीतली तारीख त्याप्रमाणे धरली. भूगोल शिकवणाऱ्याने पुस्तक मिटून ऐकावे, असा तो प्रसंग होता.

सप्टेंबरच्या एका जोडसुट्टीत आम्ही दोघे ट्रेलर न घेता पाहणीला गेलो. सोबत मोजपट्टी. मुरूडपर्यंत रस्ता जमण्यासारखा होता. बाणकोटच्या खाडीपलीकडे मात्र आमचे तोंड उतरले. केळशी-आंजर्ल्याकडच्या गल्ल्या म्हणजे दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आणि मधून जेमतेम एक गाडी. समोरून एसटी आली तर तीस फुटांची आमची वरात मागे घ्यायची कुठे? दाभोळच्या उतारावरही तेच. ज्या गावासाठी ट्रेलर घेतला, त्याच गावात तो नेता येणार नव्हता.

घरी आल्यावर आमच्यात वाद झाला. एकाचे म्हणणे, तीन महिने तयारी केली, हळूहळू जाऊ, होईल. दुसऱ्याचे म्हणणे, गल्लीत अडकून गाव गोळा झाला तर अम्मीला मान खाली घालावी लागेल. अम्मी आतून ऐकत होती. म्हणाली, "राहू द्या. माझ्यासाठी इतका खटाटोप नको." म्हणजे ती पुन्हा पाणी बंद करून बसायला तयार होती.

तेव्हा मुलीने वही उचलली आणि विचारले, "दादी, तुला नक्की काय काय लागतं?" अम्मीने तीन गोष्टी सांगितल्या: कडी लागणारे दार, हाताशी पाणी आणि बसायला उंच. एवढेच. आम्ही वजनाचे, वळणाचे, भरतीचे गणित केले होते, पण हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता. औषधांच्या दुकानातून घडीची कमोड खुर्ची आणली. कपडे बदलण्यासाठी मिळतो तसा उभा तंबू घेतला. तो आतून चेनने बंद होतो. दोन्ही गाडीच्या डिकीत मावले. ठरले असे: ट्रेलर श्रीवर्धनपर्यंत, तिथून पुढे गाडी, खुर्ची आणि तंबू.

नोव्हेंबरमध्ये, चांदाच्या सात तारखेला, फजरनंतर निघालो. पनवेल, पेण, अलिबाग, रेवदंडा आणि मुरूड. अंतर सुमारे सव्वाशे किलोमीटर, पण वेग चाळीसच्या आसपास आणि दर सव्वा तासाने थांबा, म्हणून दुपार झाली. पहिल्या थांब्याला अम्मी ट्रेलरमध्ये गेली, आतून कडी लावल्याचा आवाज आला आणि आम्ही सगळे उगाच समुद्राकडे बघत राहिलो. काशीदच्या पुढे रस्ता पाण्याला लागूनच जातो. तिथे तिने स्वतः बाटली मागितली.

दुसऱ्या दिवशी आगरदांड्याला नऊच्या सुमारास पोचलो. बोटीवरच्या माणसाने ट्रेलरकडे पाहून विचारले, "आत काय, दुकान आहे?" पाणी मध्यावर होते, तरीही आम्ही सगळ्यांना उतरवून गाडी सावकाश चढवली. जंजिरा दिसला तेव्हा मुलाने विचारले, सिद्दी आले कुठून. अम्मीने आफ्रिका म्हटले, आम्ही इतिहास जोडला: मराठे, इंग्रज, पोर्तुगीज, कोणालाच हा किल्ला घेता आला नाही आणि १९४८ मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले.

श्रीवर्धनला नात्यातल्या एका वाडीत ट्रेलर लावला. ही रोठा सुपारीची भूमी. ३ जून २०२०च्या निसर्ग वादळात या किनाऱ्यावरच्या नारळी-पोफळी आडव्या झाल्या. वाडीतल्या ज्या मोकळ्या जागेत आम्ही ट्रेलर लावला, तिथे पूर्वी पोफळी होत्या. नवी रोपे गुडघ्याच्या वर आली होती. फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. यजमान म्हणाले, "झाडं असती तर तुमचं घर आत आलंच नसतं." ट्रेलरच्या संडासाची टाकी त्यांच्या परवानगीने त्यांच्या शौचटाकीतच रिकामी केली. ती समुद्रावर किंवा ओढ्यात ओतणारे लोक आहेत म्हणे. तसे कोणी करू नये.

तिसऱ्या दिवशी नुसती गाडी घेऊन हरिहरेश्वर, बागमांडला, पलीकडे वेश्वी, मग केळशी, आंजर्ले, हर्णै, दापोली आणि दाभोळ. वाटेत दोनदा आंब्याच्या बागेत विचारून तंबू लावला. दुसऱ्या बागेत तिथल्या म्हाताऱ्या आजीने ती खुर्ची निरखून पाहिली, किंमत विचारली आणि नातवाला दुकानाचे नाव लिहून घ्यायला लावले.

दाभोळला धक्क्याजवळची जुनी शाही मशीद आधी दिसली. विजापूरची एक शहजादी हजला निघाली, पुढे जाता आले नाही, तेव्हा सफरीसाठी आणलेल्या पैशातून तिने ही मशीद बांधली, असे गावात सांगतात. अम्मीने ती गोष्ट मुलांना सांगितली आणि म्हणाली, "तिला बिचारीला जाता नाही आलं."

घराला कुलूप होते. ओटीचा एक खांब कलला होता. विहीर मात्र वापरात होती. शेजारच्या घराने पंप बसवला होता. त्या घरातल्या बाईने अम्मीला ओळखले नाही, पण अम्मीने तिच्या सासूचे नाव घेतल्यावर खुर्ची टाकली आणि विहिरीचे पाणी आणले. अम्मीने एक पेला पिऊन दुसरा मागितला. परतीची तीन तासांची वाट पुढे होती, आणि तिने दुसराही पुरा प्यायला.

आता घरातल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन निघणाऱ्या वाचकांसाठी थोडे. ट्रेलर मिळाला तर चांगलेच, पण त्याची वाट आधी रिकाम्या गाडीने पाहून या. बोटीवर चढायचे असेल तर चांदाची तारीख बघा. आणि ट्रेलर मिळाला नाही तरी खुर्ची आणि तंबू यांचा खर्च फार नाही. त्याआधी मात्र त्यांना एकटे गाठून, लाज न वाटेल अशा माणसाकडून, काय लागते ते विचारा. आमच्याकडे हे काम मुलीने केले.

येत्या दिवाळीत, इन्शाअल्लाह, धोपाव्याच्या बोटीने पलीकडे गुहागरला जायचे ठरते आहे. तारीख अम्मी काढणार आहे.