डबल सीट

आमच्या घरात एक्केचाळीस सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. बारसं असो, वाढदिवस असो, चार पाहुणे जमले की ह्यांचा फोन खिशातून बाहेर येतो आणि तो सुरू होतो. मनालीहून लेहला जाताना झिंगझिंगबार मागे टाकून बारालाचा खिंडीकडे चढू लागलं की रस्त्यावरून ओढे वाहतात. सकाळी घोट्याएवढं पाणी, दुपारी वरचं बर्फ वितळलं की गुडघ्याएवढं. आम्हाला मनालीतून निघायलाच उशीर झालेला, त्यामुळे पोचलो तेव्हा दोन वाजून गेले होते. व्हिडिओत आमची बुलेट पाण्यात शिरते, मधल्या गोट्यांवर डुलते, हे एकदा डावा पाय टेकवतात आणि मग गाडी गुरगुरत पलीकडे चढते. पाहुणे टाळ्या वाजवतात. ‘वहिनी, तुम्ही कुठे होतात?’ असं आजवर एकानेही विचारलेलं नाही.

मी तो व्हिडिओ काढत होते. काढून झाल्यावर फोन उंच धरून तोच ओढा मी पायी ओलांडला. बूट पाण्याने भरले आणि पुढचे तीन दिवस ओलेच राहिले. त्याचा व्हिडिओ नाही.

तक्रार म्हणून सांगत नाही. मला गाडी चालवायची हौस कधीच नव्हती, आजही नाही. पण त्या प्रवासापासून मागच्या सीटबद्दल मी जरा जास्तच विचार करायला लागले आहे.

‘डबल सीट’ हे दोन इंग्रजी शब्द मराठीने किती सहज आपलेसे केले! आपण डबल सीट बसतो, डबल सीट घेतो, डबल सीट सोडायला जातो. माझ्या लहानपणी सायकलवर डबल सीट म्हणजे पोलिसमामाच्या शिट्टीची धास्ती. लग्नानंतर स्कूटर आली आणि डबल सीटला प्रतिष्ठा आली. साडी नेसून, दोन्ही पाय एका बाजूला टाकून, एक हात त्यांच्या खांद्यावर आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. कायद्यालासुद्धा या बाईची दखल घ्यावी लागली. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये मागे बसणाऱ्याला धरायला मूठ हवी, पाय ठेवायला जागा हवी आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागचं किमान निम्मं चाक झाकणारा गार्ड हवा, असं लिहिलेलं आहे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो तो हाच. २०२३ मध्ये रमिला लटपटे नऊवारी नेसून मुंबईहून एकटीच मोटारसायकलवर जगाच्या प्रवासाला निघाली, तेव्हा ती बातमी वाचताना मला पहिल्यांदा हा साडीगार्डच आठवला. हँडल तिच्याच हातात होतं, म्हणून तिचं नाव पेपरात आलं. मागे बसणारीचं येत नाही.

ओढ्यानंतर दोन तासांनी आम्ही सरचूला तंबूत मुक्कामाला थांबलो. तिथे आधीच एक परदेशी जोडपं उतरलेलं होतं. दोघंही साठीच्या आसपास. गाडीवर नंबरप्लेट युरोपातली, दोन्ही बाजूंना पोचे आलेल्या अॅल्युमिनियमच्या पेट्या. तंबूतली सगळी पोरं, ट्रकवाले आणि आमचे हेसुद्धा त्या गृहस्थाभोवती गोळा झाले. किती सीसी? किती वजन? आणि मग आपला राष्ट्रीय प्रश्न, ‘कितना देती है?’ तो माणूस सवयीने हसून लिटरमागे किती किलोमीटर ते सांगत होता. त्याची बायको पलीकडे गादीवर बसून सुईदोऱ्याने हातमोज्याचा अंगठा शिवत होती. तिला कोणी काहीच विचारलं नाही. मी चहाचा ग्लास घेऊन तिच्याजवळ गेले.

मी तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. त्यामुळे माझा पहिला प्रश्न मास्तरणीचाच होता: कुठून कुठून आलात? तिने आमच्यामधल्या गादीवर बोटाने नकाशा काढायला सुरुवात केली. अलास्का, मेक्सिको, पनामा. तिथे तिचं बोट उचललं गेलं आणि वीतभर पुढे टेकलं: कोलंबिया. मधे रस्ताच नाही, म्हणाली. सुमारे शंभर किलोमीटर दलदल आणि जंगल. गाडी बोटीतून किंवा विमानातून न्यावी लागते. मला माझीच लाज वाटली. तीस वर्षं मी फळ्यावर पॅन-अमेरिकन महामार्गाची रेघ खडू न उचलता काढत आले होते.

मग तिने आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं एक जाडसर पुस्तक काढलं. कार्ने. गाडीचा पासपोर्टच म्हणा. परकी गाडी देशात येऊन विकली जाऊ नये, ती परत बाहेर जाईल, याची हमी म्हणजे हे पुस्तक. गाडीच्या किमतीच्या हिशेबाने तारण ठेवायचं, तेव्हा आपल्या देशातली मोटार संघटना हे पुस्तक देते. आपल्याकडे मुंबईची वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशन हे काम करते. मुदत एक वर्षाची. एका पानाचे तीन भाग: एक देशात शिरताना फाडून घेतात, एक बाहेर पडताना, तिसरा पुस्तकातच राहतो आणि त्यावर येण्याजाण्याचे दोन्ही शिक्के लागतात. बाहेर पडतानाचा एक शिक्का राहिला, तर कागदोपत्री गाडी त्या देशातच राहते आणि तारण अडकून पडतं. इराण, पाकिस्तान, भारत, सगळीकडे हे कार्ने लागतं. ‘तो गाडीला किक मारतो,’ ती म्हणाली, ‘पण सीमेवर माझा शिक्का बसल्याशिवाय गाडी हलत नाही.’ रोज रात्रीची वहीही तीच लिहायची. किती किलोमीटर, किती पेट्रोल, कुठे झोपलो, किती पैसे गेले. तिच्या वहीतलं पेट्रोलचं पान पाहिलं असतं, तर ‘कितना देती है’चं नेमकं उत्तर तंबूतल्या पोरांना मिळालं असतं.

घरी आल्यावर मी अशा जोडप्यांबद्दल वाचू लागले. कॅनडाचे ग्रँट आणि सुझन जॉन्सन १९८७ मध्ये एका बीएमडब्ल्यूवर निघाले, ते थांबतथांबत अकरा वर्षं फिरत राहिले. ऑस्ट्रेलियाचे पीटर आणि के फॉरवुड १९९६ मध्ये हार्ले-डेव्हिडसन घेऊन बाहेर पडले आणि ती एकच गाडी जगातल्या जवळजवळ प्रत्येक देशात नेऊन आणली. ब्रिटनचे सायमन आणि लिसा थॉमस २००३ मध्ये निघाले, पण दोघांच्या दोन गाड्या. अॅमेझॉनच्या जंगलात सायमनच्या मानेचं हाड मोडलं, तरी पुढे त्यांचा प्रवास चालूच राहिला.

एक गाडी की दोन, हा अशा जोडप्यांमधला कायमचा वाद. दोन गाड्या म्हणजे खर्च दुप्पट, कार्ने दोन, टायर चार. पण ओझं विभागलं जातं, आणि एक गाडी बिघडली तर दुसरी मदत आणायला जाते. शिवाय दोघंही आपापल्या हँडलचे मालक. एका गाडीवर मात्र सगळा संसार दोन पेट्यांत बसवायचा. एक त्याची, एक तिची, प्रत्येकी साधारण चाळीस लिटर. आपल्या स्वयंपाकघरातलं पाण्याचं पिंपसुद्धा कधीकधी त्याहून मोठं असतं. आणि वर्षानुवर्षं एकाने चालवायचं, दुसऱ्याने बसायचं.

नुसतं बसणं हे काम आहे, हे मला लडाखमध्ये कळलं. पुढच्याने मान हलवल्याशिवाय चढायचं नाही. वळणावर गाडी जिकडे झुकेल तिकडेच झुकायचं, भीतीने उलट कललं की गाडी नीट वळत नाही. अचानक ब्रेक लागला की माझं हेल्मेट त्यांच्या हेल्मेटवर टक्कन आपटतं. पहिल्या दिवशी मी दर वेळी ‘सॉरी’ म्हणत होते. तिसऱ्या दिवशी ती टक आमची भाषा झाली. एक टक म्हणजे ब्रेक, दोन टक म्हणजे मुद्दाम, ‘अहो, हळू!’ पुढच्या माणसाला दिसतात खड्डे, वाळू, समोरून येणारा ट्रक. डोळा रस्त्यावरून हलवायची त्याला सोय नाही. मोरेच्या पठारावर रानगाढवांचा कळप आमच्या बरोबरीने धावला, तो मी एकटीने पाहिला. ह्यांनी तो रात्री माझ्या तोंडून ऐकला.

लग्नात अंतरपाट धरतात, मंगलाष्टकं संपली की दूर होतो. मोटारसायकलवर तो दूर होतच नाही. आठ-आठ तास एकमेकांना इतकं चिकटून बसायचं, आणि तोंड मात्र दिसत नाही. ह्यांनी पांगच्या अलीकडे कधीतरी डावा आरसा जरासा आत वळवून घेतला होता. रस्ता नीट दिसत नसेल म्हणून असेल, असं मला वाटलं. लेहला पोचून उतरले तेव्हा लक्षात आलं, त्या आरशात रस्ता नाही, मागच्या सीटवरची मी दिसत होते. मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यांनी आरसा परत सरळ केला असता.

सरचूला सकाळी ते जोडपं आमच्या आधी निघालं. तो पेट्या बांधायला वाकला, तेव्हा त्याचं जाकीट मला मागून नीट दिसलं. मूळचं काळं असावं. खांदे आणि बाह्या उन्हाने विटून राखाडी झालेल्या. फक्त पाठीवर, मधोमध, एक मोठा पट्टा अजून नव्यासारखा काळा होता. तेवढ्या जागेवर इतक्या वर्षांत ऊन पडलंच नव्हतं. तिथे ती बसत होती.

त्यांच्या प्रवासाचे फोटो कुठेतरी असतीलच. त्यात बहुतेक तो दिसत असेल आणि ती काढत असेल. पण त्या पट्ट्याचा पुरावा कोणालाही पुसता येणार नाही.

पुढच्या वेळी घाटातल्या टपरीवर एखादी धुळीने माखलेली, लांबची नंबरप्लेट असलेली गाडी थांबली आणि तिच्यावरून दोघं उतरली, तर त्यांना चहा पाजा. गाडी किती देते तेही खुशाल विचारा. फक्त तो प्रश्न मागच्या सीटवरून उतरलेल्या माणसाला विचारा. हिशेब बहुधा त्याच्याकडेच असतो.