हरल्यानंतरची घरं

युद्धपट म्हटला की रणगाडे, खंदक आणि शेवटी बिगुलाच्या सुरात निघालेली शवपेटी, हे आपल्या अंगवळणी पडलंय. जपानी दिग्दर्शक यासुजिरो ओझूकडे यातलं काही मिळत नाही. वास्तविक हा माणूस १९३७ ते १९३९ चीनमध्ये सैनिक होता. पुढे सिंगापूरला पाठवला गेला, तिथे जप्त केलेले अमेरिकी सिनेमे पाहत बसला. युद्ध त्याने दाखवलं ते घरात, आणि तेही उरलेलं.

‘टोकियो स्टोरी’ (१९५३) मधलं म्हातारं जोडपं मुलांकडे येतं. डॉक्टर मुलाला सवड नाही, पार्लर चालवणाऱ्या लेकीला त्यांची अडचणच होते. धावून येते ती विधवा सून, नोरिको. तिचं बिऱ्हाड एका खोलीचं. सासऱ्यांपुढे ठेवायला ती शेजारणीकडून साके मागून आणते, बाटली-पेल्यासकट! घरात नवऱ्याचा, शोजीचा फोटो. तो युद्धात गेल्याला आठ वर्षं झाली. एका रात्री सासू तिथेच मुक्कामाला राहते आणि गेलेल्या मुलाच्या अंथरुणात झोपायला मिळालं म्हणून हरखते. सुनेला सांगते, पोरी, आता दुसरं लग्न कर. शेवटी नोरिको सासऱ्यांपाशी कबूल करते, की हल्ली कित्येक दिवस शोजीची आठवणही येत नाही. विधवेच्या तोंडी हे वाक्य घालायला धाडस लागतं. आपल्या सिनेमातली वीरपत्नी असं बोलली असती तर थिएटरात चुळबुळ झाली असती.

‘अ‍ॅन ऑटम आफ्टरनून’ (१९६२) हा त्याचा शेवटचा सिनेमा. नौदलातला जुना हाताखालचा माणूस आपल्या कप्तानाला बारमध्ये नेतो. तबकडीवर आरमाराचं कूचगीत लागतं आणि हा गडी सलाम ठोकून तिथेच कवायत करू लागतो. आपण जिंकलो असतो तर, अशी स्वप्नं रंगवतो. कप्तान हसत म्हणतो, हरलो ते बरंच झालं.

बस, एवढंच. चीनमध्ये जपानी फौजेने काय केलं, याचा उच्चार ही माणसं करत नाहीत. घरोघरी असंच गप्प राहिले असतील, असा ओझूचा बचाव करता येतो. मला तो निम्माच पटतो. कारण बोलायचं टाळणाऱ्यांत कॅमेऱ्यामागचा माजी सैनिकही होताच.